कातळशिल्प ऐकवायचं कसं? चित्रवर्णनाचे पर्याय, शेजारी शेजारी ठेवून

राजापूरच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर कोरलेली, कातळशिल्पं, मालवणची मासळी, एखादा जलदुर्ग – कोकणावरचं सचित्र पुस्तक दृष्टिहीन वाचकांसाठी ई-पब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात करायचं ठरलं की मजकुराचं काम लवकर उरकतं. अडतं ते चित्रांपाशी. वर्णन लिहिलेलं नसेल तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फार तर ‘इमेज’ म्हणतो आणि पुढे सरकतो. ते वर्णन कुठे, किती आणि कुणी लिहायचं, हे आधी ठरवावं लागतं.

पहिला पर्याय आल्ट टेक्स्टचा, म्हणजे चित्रालाच जोडलेल्या एकदोन वाक्यांचा. बहुतेक छायाचित्रांना तेवढं पुरतं. पण आल्ट टेक्स्टमध्ये परिच्छेद, यादी, तक्ता काहीच ठेवता येत नाही. ते सलग वाचलं जातं आणि मधलंच एखादं वाक्य पुन्हा ऐकायचं तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यामुळे आठ-दहा ओळी तिथे कोंबणं हा वाचकावर अन्याय आहे. सुरुवातीला ‘हे चित्र’ लिहू नका, ते स्क्रीन रीडर सांगतोच. खालच्या ओळीत जे छापलंय तेही पुन्हा नको. आणि चित्र निव्वळ शोभेचं असेल, पानाच्या कडेची वेलबुट्टी वगैरे, तर आल्ट मुद्दाम रिकामा ठेवावा.

दुसरा पर्याय विस्तृत वर्णनाचा. आल्टमध्ये एक ओळ आणि सविस्तर मजकूर पुस्तकाच्या शेवटी वेगळ्या विभागात. तिथे जाण्याची लिंक हवी आणि वाचत होतो त्याच ओळीवर परत आणणारीही हवी. ही दुसरी लिंक विसरलात तर वाचक पुस्तकाच्या शेवटी अडकून पडतो. काम वाढतं, पण काही चित्रांना दुसरा इलाज नाही. बारसूच्या कातळशिल्पात मधोमध माणूस आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक प्राणी. आल्टला एवढं पुरे. ज्या प्रकरणात त्या आकृतीचा अर्थ लावला जातोय तिथे मात्र हात कुठे आहेत, प्राणी कुठल्या दिशेला तोंड करून आहेत, अंग नुसत्या रेषेनं दाखवलंय की आतून नक्षीनं भरलंय, हे सगळं क्रमानं यायला हवं. इथे एक पथ्य मी फार महत्त्वाचं मानतो: आधी दिसतं ते लिहा, अर्थ नंतर. ते प्राणी वाघ मानले जातात, पण ‘वाघ’ हा शब्द आधीच टाकला तर वाचकाला स्वतः विचार करायची संधीच उरत नाही. डोळस माणूस रेषा पाहून शंका घेऊ शकतो. तोच हक्क ऐकणाऱ्यालाही हवा.

किल्ल्याचा आराखडा असेल तर दरवाजातून आत शिरून तटाच्या कडेनं जावं तसं लिहा. भरती-ओहोटीच्या आलेखाला वर्णन नको, वेळा आणि उंचीचा सरळ तक्ता द्या.

तिसरा पर्याय मला सर्वांत आवडतो, पण तो लेखकाच्याच हातात आहे: वर्णन मूळ मजकुरातच विणणं. बांगड्याच्या फोटोशेजारीच ‘पाठीकडे निळसर-हिरवा, शेपटीजवळ वरखाली पाच-पाच इवले पर’ असं लिहिलं तर तारलीहून वेगळा ओळखण्याची खूण सगळ्याच वाचकांना मिळते. पुस्तक अजून लिहून व्हायचं असेल तर हाच मार्ग धरा. छापून झालं असेल तर हा सोडून द्या.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून वर्णन करून घ्यावं का? पहिल्या खर्ड्यापुरतं जरूर. पण टोपलीतले मासे तिच्या लेखी ‘चंदेरी मासे’च राहू शकतात आणि सड्यावरचं शिल्प ‘खडकावरच्या खुणा’. तो फोटो त्या पानावर कशासाठी आहे हे लेखकाला माहीत असतं. म्हणून मी लेखकानं लिहिलेल्या ओबडधोबड दोन ओळी कधीही पसंत करेन. भाषा संपादक नीट करतो.

उठावाची स्पर्शचित्रं खर्चिक असतात आणि बोटांना कळावं म्हणून रेषा कमी कराव्या लागतात. पुस्तकभर नकोत, पण कशेळीच्या कातळशिल्पातल्या हत्तीसारख्या एखाद्या आकृतीला जरूर करा. साधारण १८ मीटर लांबीची ती बाह्यरेषा आणि तिच्या पोटातले इतर प्राणी शब्दांत मांडताना दमछाक होते.

पुस्तक दुसऱ्या कुणाचं असेल तरी बिचकू नका. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अपंग वाचकांसाठी ना-नफा तत्त्वावर सुलभ प्रत करायला मुभा देतो. २०१६ साली सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय अशाच पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय आहे.

वर्णनं झाली की फाइलची भाषा मराठी अशी नोंदवा, नाहीतर मजकूर भलत्याच आवाजात, चुकीच्या उच्चारांनी वाचला जाऊ शकतो. मग एखाद्या दृष्टिहीन वाचकाला एक प्रकरण तपासायला द्या आणि त्या कामाचं मानधन अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा.