गुडघाभर गमबूट: मलप्रभेच्या काठाला कितपत चालतो?

गोठा, बांध आणि उसाला पाणी पाजणं, एवढ्यासाठी हा बूट केलेला आहे. काळा, पीव्हीसीचा, गुडघ्याच्या जरा खाली येणारा, आत कापडी अस्तर. बेळगावच्या बाजारात साधारण ४०० ते ६०० रुपयांना जोड मिळतो. शेतात त्याला तोड नाही. पण खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात चार-पाच मित्रांनी मलप्रभा नदीच्या कडेकडेनं दोन-तीन तास चालायचं म्हटलं, की हाच बूट वेगळा वागतो.

पहिली अडचण तळव्याची. लाल चिखलात तो बरा धरतो, शेवाळलेल्या जांभ्यावर मात्र साबणासारखा सरकतो. पीव्हीसी कडक असतं आणि गारठ्यात आणखी कडक होतं, त्यामुळे दगडाच्या खडबडीत ते बसतच नाही. घेताना तळव्यात नख रुतवून बघा. जरासुद्धा दबत नसेल तर तो जोड ठेवून द्या. खाचा खोल आणि विरळ हव्यात. दाट खाचांत चिखल भरला की तळवा सपाट झालाच म्हणून समजा.

माप नेहमीपेक्षा एक नंबर मोठं घ्या, जाड मोज्यासकट घालून बघा. दोन नंबर मोठा घेतला तर टाच आत वरखाली होते, तासाभरात फोड येतो आणि चिखलात पाय बाहेर येऊन बूट तिथंच राहतो.

दुसरी अडचण वरून येते. रेनकोटची पँट बुटात खोचली की अंगावरचं सगळं पाणी पन्हाळीसारखं आत उतरतं. पँट बुटावरूनच सोडायची, खाली सैल रबर बांधायचं. एवढं केलं तर पाय बऱ्यापैकी कोरडा राहतो. (छत्रीचं नाव कणकुंबीच्या वाऱ्यात काढू नये.)

ओढा ओलांडताना मात्र या बुटाला अजिबात गुण देता येत नाहीत. पाणी काठावरून आत शिरलं की एका बुटात लिटर-दीड लिटर मावतं, म्हणजे पाय उचलताना तेवढे किलो जास्त. वाहत्या पाण्यात तोल जातो तो इथंच. पाणी पिंडरीपर्यंत असेल तोवरच काठीने तळ चाचपत, एकामागून एक जा. त्यापुढे मागे फिरा. हब्बनहट्टीचं नदीकाठचं मारुतीचं देऊळ पाण्याखाली गेल्याचं कळलं, तर त्या दिवशी काठ धरूच नये, बूट कुठलाही असो.

जळवांना गमबूट अडवतो हा गैरसमज आहे. त्या बाहेरून चढतात आणि वरच्या तोंडातून आत जातात. तंबाखू रात्रभर भिजवून त्या पाण्यात मोजे बुडवून वाळवायचे. निपाणी जवळ असताना तंबाखूला काय तोटा! मोजे बुटाच्या काठावरून बाहेर दुमडायचे, म्हणजे वाट तिथंच अडते. जळू लागलीच तर ओढू नका, तोंडाच्या बाजूने नखाने सरकवा. त्यानंतर रक्त बराच वेळ झिरपतं, घाबरायचं कारण नाही, दाबून धरा.

मग घ्यावा का? चिखलाची पाणंद आणि भाताचे बांध एवढाच रस्ता असेल तर जरूर. दगडगोट्यांतून जायचं असेल तर मऊ रबरी तळव्याचे, पाणी सहज निथळणारे कापडी बूट बरे. पाय ओला राहील, पण घसरणार नाही. आणि टोळीत शक्यतो सगळ्यांनी एकाच जातीचे बूट घाला, नाहीतर गमबूटवाला कायम मागे पडतो.

घरी आल्यावर अस्तर सुकवायला आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, मग काठीवर उलटा टांगा. चुलीजवळ ठेवला तर पीव्हीसी मऊ पडून वाकडं होतं. घोट्याच्या वळीला चीर पडते ती हमखास. तिथं सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावू नका, ते रबराचं असतं, पीव्हीसीला धरत नाही.