एआरसी की पीएलसी? आयोवातल्या जमिनीवरचं अनुदान निवडताना

अमेरिकेत आयोवा-नेब्रास्काकडे शेतजमीन घेतली असेल, तर आधी एवढं पाहा: ती खंडाने दिली आहे की बटाईने? अमेरिकी सरकार एआरसी (उत्पन्न घटलं तर) किंवा पीएलसी (भाव पडला तर) या योजनेतून पिकाला अनुदान देतं. रोख खंड घेत असाल तर हे अनुदान कसणाऱ्याला मिळतं, तुम्हाला नाही. (पुढचा खंड ठरवताना मात्र त्याला काय मिळतं हे ठाऊक असलेलं बरं.) पिकात वाटा असेल तर अनुदानातही वाटा येतो, आणि मग एआरसी की पीएलसी यावर सगळ्या वाटेकऱ्यांचं एकमत लागतं.

दोन्ही योजना २०१४ च्या फार्म बिलातल्या, म्हणजे अमेरिकेच्या शेती कायद्यातल्या. पीएलसी फक्त भाव बघते. वर्षाचा देशपातळीवरचा सरासरी भाव संदर्भ भावाच्या (कायद्याने ठरवलेल्या भावाच्या) खाली गेला, की फरक मिळतो. आपल्या हमीभावासारखं वाटतं खरं, पण इथे सरकार माल उचलत नाही. २०२५ च्या कायद्याने मक्याचा संदर्भ भाव बुशेलला (मक्याच्या सुमारे २५ किलोंना) ३.७० वरून ४.१० डॉलर झाला, सोयाबीनचा ८.४० वरून १०. आधीची वर्षं तेजीची गेली असतील तर तो आणखी वर सरकतो.

एआरसी भाव गुणिले उत्पादन बघते, पण उत्पादन तुमच्या शेताचं नव्हे, अख्ख्या कौंटीचं (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं). आपल्या पीकविम्यात मंडळाची सरासरी धरतात, तसंच. तक्रारही तीच: गारपीट आपल्या वावरात, सरासरी गावाची. पाच वर्षांतलं सर्वांत चांगलं आणि सर्वांत वाईट वर्ष वगळून सरासरी काढतात. उत्पन्न तिच्या ९० टक्क्यांखाली गेलं की पैसे, तेही सरासरीच्या १२ टक्क्यांपर्यंतच.

आकडे मांडून बघू. समजा कौंटीची सरासरी एकरी २०० बुशेल, सरासरी भाव ४.५०. म्हणजे ९०० डॉलर, त्याचे ९० टक्के ८१०. दुष्काळाने उत्पादन १८० वर आलं, भाव ४.२० राहिला, तर उत्पन्न ७५६. एआरसीत ५४ डॉलरची तूट धरली जाते. पीएलसीत शून्य, कारण भाव ४.१० च्या वरच आहे.

आता उलटं चित्र. मंदी चार-पाच वर्षं रेंगाळली. एआरसीच्या सरासरीतला भाव घसरत घसरत संदर्भ भावापाशी टेकतो, त्याखाली जात नाही. हमी झाली ४.१० गुणिले २०० च्या ९० टक्के, म्हणजे ७३८. पीक नेहमीइतकं, २०० बुशेल, भाव ३.८०: उत्पन्न ७६०. एआरसी काही देत नाही. पीएलसी बुशेलला ३० सेंट देते. तुमच्या जमिनीचं नोंदलेलं उत्पादन १५० बुशेल असेल तर ४५ डॉलर. लांबलेल्या मंदीत एआरसी अशी कोरडी पडते, आणि मला हाच तिचा खरा दोष वाटतो.

दोन्हीकडे पैसे त्या पिकाच्या नावे पूर्वीच नोंदलेल्या ‘बेस’ एकरांच्या ८५ टक्क्यांवरच मिळतात. वरचे ४५ म्हणजे हातात ३८.२५. यंदा त्या जमिनीत काय पेरलं याचा संबंध नाही. आणि घाई असेल तर विसरा: २०२५ च्या पिकाचे पैसे ऑक्टोबर २०२६ नंतर. त्या एका हंगामापुरतं दोन्हींतलं जास्त असेल ते आपोआप मिळतं. खरी निवड २०२६ च्या पिकापासून.

२०२५ च्या पिकासाठी माणशी कमाल मर्यादा १,५५,००० डॉलर. छोट्या जमीनमालकाला ती आड येत नाही. आड येते ती सरासरी वार्षिक उत्पन्न ९ लाख डॉलरच्या वर नको ही अट, कारण त्यात नोकरीचं, धंद्याचं, सगळं उत्पन्न धरतात.

माझा कौल? सेंटर पिव्हटच्या (गोल फिरणाऱ्या तुषार सिंचनाच्या) पाण्यावरचा नेब्रास्कातला मका असेल तर पीएलसी. तिथे पीक सहसा दगा देत नाही, दगा देतो भाव. कोरडवाहू कौंटी, उत्पादन एका वर्षी वर, एका वर्षी खाली, तर एआरसीकडे कल ठेवा. पूर्वी एआरसी घेतली की एससीओ हा पूरक विमा त्या एकरांवर मिळत नसे. २०२६ पासून ती आडकाठी गेली, म्हणून पीएलसीचं एक जुनं आकर्षण कमी झालं. निवड पीकवार करता येते. मक्याला पीएलसी आणि सोयाबीनला एआरसी असा अर्ज कौंटीच्या एफएसए (अमेरिकी शेती खात्याच्या) कार्यालयात चालतो.