ट्वायलाइट आधी वाचू का हंगर गेम्स? भाचीला दिलेलं लांबलचक उत्तर

भाचीची दहावी संपली आणि लगेच मेसेज, मावशी ट्वायलाइट आधी वाचू का हंगर गेम्स, का ते रील्समधे सगळ्याजणी दाखवतात ते फुलाफुलांच्या कव्हरचं? तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण नंतर दोन मैत्रिणींनीही आपापल्या पोरींसाठी हेच विचारलं.

आधी कबूल करते, ट्वायलाइट मी अकरावीत असताना तीन दिवसात संपवलं होतं. फुटपाथवरची कॉपी, मधली वीसेक पानं दोनदा छापलेली, आणि मी ती दोन्ही वेळा वाचली. त्यामुळे मी नाक मुरडून बोलत नाहीये. स्टेफनी मायरने 2005 साली जे फोर्क्स नावाचं कायम पावसाळी गाव उभं केलं ना, ती ओली ढगाळ हवा अजूनही अंगावर येते, आणि कुणीतरी वर्गात आपल्याकडेच बघतंय ही फीलिंग तिच्याइतकी बेशरमपणे फार कुणी लिहिलेली नाही. पण गेल्या महिन्यात परत वाचायला घेतलं आणि त्यातला हिरो, रक्त पिणारा व्हँपायर एडवर्ड, डोक्यात गेला. हा दिसायला 17 चा, जन्म 1901 चा, आणि नायिका बेलाला न विचारता रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना बघत बसतो. तिसऱ्या भागात तर तिने तिच्या मित्राकडे, जेकबकडे जाऊ नये म्हणून तिच्या ट्रकच्या इंजिनातला पार्टच काढून ठेवतो. उद्या कुणी भाचीच्या स्कूटीचा प्लग काढून ठेवला तर आमची ताई 'किती काळजी घेतो गं' म्हणेल का? पोलीस चौकीत नेईल त्याला. जेकबही काही कमी नाही, जबरदस्ती किस करतो, बेला त्याला बुक्का मारते तर तिचाच हात मोडतो, वर तिचा बाप जेकबलाच शाबासकी देतो! सोळाव्या वर्षी मला हे सगळं रोमँटिक वाटलं होतं, आता त्याचं काय करायचं.

तर माझी परीक्षा साधी आहे. पोरीने नाही म्हटलं की हिरो काय करतो ते बघायचं.

हंगर गेम्स या परीक्षेत पहिला येतो, आणि गंमत म्हणजे ती लव्हस्टोरी नाहीच मुळात. सुझान कॉलिन्सचा पहिला भाग 2008 चा. भविष्यातल्या एका देशाचे 12 जिल्हे, प्रत्येकातून एक मुलगा एक मुलगी, वय 12 ते 18, असे 24 जण टीव्हीसमोर एकमेकांना मारणार आणि एकच जिवंत राहणार. घरात खायला नसेल तर चिठ्ठ्यांमधे आपलं नाव जास्त वेळा टाकायचं आणि बदल्यात वर्षभराचं धान्य न तेल घ्यायचं, म्हणून सोळा वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या नावाच्या 20 चिठ्ठ्या. ही रेशनची भानगड वाचताना आपल्याकडच्या माणसाला काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि तिच्याच जिल्ह्यातला पीटा! कॅटनिस उपाशी असताना मुद्दाम ब्रेड जाळून तिच्याकडे टाकतो, त्यासाठी आईचा मार खातो. पुढे त्याला कळतं की टीव्हीवर तिने जे प्रेम दाखवलं त्यात बरंचसं नाटक होतं, तेव्हा तो दुखावतो, गप्प होतो, लांब राहतो, मग स्वतःच येऊन म्हणतो की निदान मैत्री करून बघू. बस, एवढंच करतो तो, आणि मला त्याच्यावर क्रश यायला वयाची तिशी यावी लागली. इंग्रजीही सोपं, छोटी वाक्यं, मराठी मीडियमच्या पोरींनी बिनधास्त घ्यावं. तिसरा भाग मात्र जड आहे, परीक्षेच्या दिवसात नको.

हलकंफुलकं हवं असेल तर जेनी हॅनचं टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर, 2014 चं. लपवून ठेवलेली प्रेमपत्रं ज्याची त्याला पोचतात आणि लाज झाकायला खोटं खोटं अफेअर. गोड आहे, बहिणी तर मस्तच. फक्त पहिलं पुस्तक भलत्याच जागी संपतं, दुसरं हाताशी ठेवा.

द फॉल्ट इन अवर स्टार्सबद्दल माझं मत फिरलं. जॉन ग्रीन, 2012, कॅन्सर झालेली हेझल आणि ऑगस्टस. सोळा-सतरा वर्षांची पोरं फिलॉसॉफीच्या प्रोफेसरसारखी बोलतात आणि अ‍ॅन फ्रँकच्या घरात किस करतात तर लोक टाळ्या वाजवतात, ते पान मी अजूनही पटकन उलटते. पण हेझलची आई आयसीयूत म्हणते की मी आता आई राहणारच नाही, आणि हेझलने ते ऐकलेलं असतं, त्या जागी या वेळी मी मोठ्याने रडले, पहिल्यांदा वाचलं तेव्हा ही आई माझ्या लक्षातसुद्धा राहिली नव्हती. यावरचा हिंदी सिनेमा दिल बेचारा पाहिला म्हणून पुस्तक सोडू नका.

आता ते फुलाफुलांचं. कॉलीन हूवरचं इट एंड्स विथ अस 2016 चं आहे, गाजलं मात्र टिकटॉकमुळे बरंच नंतर, आणि ते किशोरांसाठी नाहीच. कव्हर बघून गोड लव्हस्टोरी वाटते, आत नवऱ्याकडून होणारी मारहाण आहे, तीही अशी लिहिलीय की नायिका लिलीसारखं आपणही 'एकदा चुकला असेल' म्हणायला लागतो, आणि तिथेच पुस्तक जिंकतं. भाषा सपाट आहे, तिच्या लहानपणीच्या डायऱ्या मला कंटाळवाण्या वाटल्या. 2023 मधे याचं चक्क रंगवायचं पुस्तक जाहीर झालं होतं, लोकांनी झापल्यावर रद्द केलं! भाचीला सांगितलं, बारावीनंतर वाच, आणि आधी आईला वाचायला दे.

म्हणजे सुट्टीत हंगर गेम्सचे मूळ तीन भाग विकत घे, जेनी हॅन मैत्रिणीकडून माग, फॉल्ट माझ्याकडे आहे, पानांवर डाग आहेत ते चहाचे. ट्वायलाइट वाचायचंच असेल तर वाच, मी कोण अडवणारी, फक्त लायब्ररीतून आण. चौथा भाग साडेसातशे पानांचा आहे आणि त्यात जेकबचा जीव शेवटी कुणावर जडतो ते वाचून तू किंचाळत मला फोन करणारच आहेस, तो रात्री अकराच्या आत कर.