३५० सांगून ३०५ गळ्यात मारलं, जुनी पिकअप हॉट रॉड करायला घेताय तर आधी हे वाचा

सरळ मुद्द्यावर येतो. जुनी अमेरिकन पिकअप घेऊन घरच्या गॅरेजमध्ये हॉट रॉड (जुन्या गाडीत दमदार इंजिन टाकून बनवलेली गाडी) बनवायचं डोक्यात असेल आणि कोणी तुम्हाला "अर्धं काम झालेलं आहे, उरलेलं तू कर" म्हणून गाडी दाखवत असेल तर पैसे द्यायच्या आधी पाच मिनिटं काढा. मला इथे टेक्सासमध्ये एका माणसाने अशीच गाडी विकली, साडेअकरा हजार डॉलरला, आणि त्यात इंजिन भलतंच, पुढच्या सस्पेन्शनचं वेल्डिंग नावापुरतं, आणि कागद तर चक्क दुसऱ्या गाडीचे. नाव देत नाहीये, प्रकरण कोर्टात आहे. पण पद्धत सगळी सांगतो कारण चौकशी केल्यावर कळलं की असे उद्योग करणारा तो एकटा नाही.

गाडी म्हणजे शेव्ही ३१००, जाहिरातीप्रमाणे १९५१ ची. १९४७ पासून १९५५ च्या सुरुवातीपर्यंत शेव्हरोले ही गोलगरगरीत नाकाची पिकअप बनवायची, अ‍ॅडव्हान्स डिझाईन म्हणतात तिला, बघितलीत की लगेच ओळखाल. त्यात मूळचं इंजिन २१६ क्युबिक इंचाचं, सहा सिलिंडरचं, आजच्या हायवेवर त्याचा जीव नाही पुरत. त्यामुळे हॉट रॉडवाले ते काढून शेव्हीचंच स्मॉल ब्लॉक व्ही-एट टाकतात, बहुतेक वेळा ३५० क्युबिक इंचाचं, म्हणजे ५.७ लिटर. आणि पुढचा सरळसोट अ‍ॅक्सल काढून तिथे मस्टँग टू पद्धतीचं इंडिपेंडंट सस्पेन्शन बसवतात, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आणि डिस्क ब्रेकसकट. मूळ मस्टँग टू गाडी १९७४ ते ७८ एवढीच निघाली पण ते डिझाईन इतकं सोयीचं की किट आजही नवीन बनून मिळतात. वेळ आणि पैसा खाणारी मुख्य कामं हीच दोन, आणि विकणारा म्हणत होता की दोन्ही झालेली आहेत. मग कोणीही बघायला जाईलच की.

आता इंजिनाचं ऐका, यात त्या माणसाचं डोकं मानायला पाहिजे.

जाहिरातीत लिहिलेलं "३५०, ०१० ब्लॉक, फोर बोल्ट मेन, फ्रेश रिबिल्ट". ०१० म्हणजे कास्टिंग नंबर (ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, ओततानाच त्यावर उठवलेला नंबर) ३९७००१० चे शेवटचे तीन आकडे, हा ३५० चा सगळ्यात प्रसिद्ध ब्लॉक, लोक मुद्दाम शोधतात. सोबत त्या नंबरचा क्लोजअप फोटो पण होता. (फोर बोल्ट की टू बोल्ट, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगची टोपी किती बोल्टांनी धरलीय, हे ऑइल पॅन उघडल्याशिवाय दिसत नाही आणि ०१० मध्ये दोन्ही प्रकार येतात, त्यामुळे तो दावा सोडूनच द्या.) गाडीत बसवलेल्या इंजिनावर तो नंबर बघायचा तर तो असतो ब्लॉकच्या पार मागे, ड्रायव्हरच्या बाजूला, जिथे ट्रान्समिशन जोडतात त्या कडेवर, म्हणजे फायरवॉलच्या पुढ्यात. तिथे ना डोकं जातं ना हात. त्यात सगळ्या ब्लॉकवर तो शेव्हीचा नारिंगी रंग असा थापलेला की आकडे बुजून गेलेले. मी मोबाईल आत घालून फोटो काढला, नुसते उंचवटे दिसले, वाचता काही येईना. तो म्हणाला जाहिरातीतला फोटो रंग मारायच्या आधीचा आहे. पटण्यासारखं होतं.

दुसरा नंबर असतो पुढे, पॅसेंजर बाजूच्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) समोर एक छोटी सपाट जागा असते तिथे ठोकलेला, त्यातली शेवटची अक्षरं इंजिन मुळात कुठल्या गाडीसाठी बनलं ते सांगतात. ती जागा कोरी. म्हणे मशिन शॉपने डेक घासला त्यात नंबर गेला. हे पण होतं खरंच, रिबिल्ट करताना ब्लॉकचा वरचा भाग मशिनवर घासतात तेव्हा तो नंबर उडतो. पण नंतर इंजिन बाहेर काढल्यावर तिथला रंग पुसून बॅटरी मारून बघितलं तर ओरखडे गोल गोल होते. मशिनवर घासलेल्या पृष्ठभागावर एकसारखा पॅटर्न येतो, फॅक्टरीचे तर पुढून मागे जाणारे सरळ बारीक रेघोट्यांसारखे असतात. हे हातातल्या ग्राइंडरचं काम होतं.

आणि मग त्याची खरी करामत. मी शंका काढतोय म्हटल्यावर स्वतःच म्हणाला, थांब माय फ्रेंड, तुला मोजूनच दाखवतो. एक स्पार्क प्लग काढला, भोकातून लाकडाची काडी आत सोडली, पुलीला पाना लावून हाताने इंजिन फिरवलं, काडी खाली किती गेली वर किती आली त्याच्या खुणा केल्या आणि टेप लावून दाखवलं, बघ जवळपास साडेतीन इंच. ३५० चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ३.४८ इंच. प्लगचं भोक तिरकं असतं त्यामुळे असं माप अंदाजेच येतं, पण २८३ चा स्ट्रोक ३ इंच आणि ३२७ चा सव्वातीन, ते दोन बाद झाले. राहिलं ३५०. फक्त एक गोष्ट तो बोलला नाही, ३०५ चा स्ट्रोक पण ३.४८ च आहे! दोघांत फरक आहे तो बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा, ३५० चा बरोब्बर ४ इंच आणि ३०५ चा ३.७३६, आणि बोअर काही प्लगच्या भोकातून मोजता येत नाही. बाहेरून दोन्ही इंजिनं सारखीच, व्हॉल्व्ह कव्हर सारखं, मॅनिफोल्ड सारखं, माउंट सारखे. म्हणजे ज्या टेस्टमध्ये पकडलं जाणारच नाही नेमकी तीच टेस्ट त्याने हौसेने करून दाखवली. असं कोणी स्वतःहून मोजून दाखवायला लागलं तर तो काय मोजत नाहीये ते बघा.

भांडं फुटलं हेड बदलताना. मी अ‍ॅल्युमिनियमचे हेड आणलेले, २.०२ इंचाच्या इनटेक व्हॉल्व्हवाले. जुने हेड उतरवले, डेक साफ केला, नवीन गास्केट ठेवून बघितलं तर गास्केटच्या प्रत्येक गोलाच्या आत लोखंडाची कड दिसतेय, सगळीकडून सारखी. आठही सिलिंडरला तेच. गास्केट चुकीचं आलं असं वाटून पाकीट परत वाचलं, ३५० चंच होतं. मग व्हर्नियर लावला, ३.७४ च्या आसपास. पोटात गोळाच आला. शिवाय २.०२ चा व्हॉल्व्ह ३०५ च्या बारक्या बोअरमध्ये सिलिंडरच्या भिंतीला धडकतो, त्यामुळे आणलेले हेड पण बिनकामाचे.

आणि "फ्रेश रिबिल्ट"? सिलिंडरच्या वरच्या टोकाला नख फिरवलं तर अडकतं, एवढा रिज, म्हणजे झिजेने राहिलेली कड. होनिंगच्या (सिलिंडर आतून घासून नवा करताना पडणाऱ्या) तिरक्या जाळीचा मागमूस नाही, भिंती आरशासारख्या गुळगुळीत. रिबिल्ट करताना सहसा बोअर थोडा वाढवतात आणि ओव्हरसाइझ पिस्टनच्या डोक्यावर ०३० वगैरे आकडा ठोकलेला असतो. इथे कार्बनचा थर खरवडला, खाली काहीच नाही. रिबिल्ट म्हणजे बाहेरून धुतलं आणि रंगाचा एक डबा संपवला, बस. ३०५ हे १९७६ पासूनचं, स्मॉगच्या नियमांच्या काळातलं इंजिन, साध्या वापराला वाईट नाही पण हॉट रॉडसाठी फारसं कोणी विचारत नाही, त्यामुळे मिळतं स्वस्त. रंग मारून ३५० च्या भावात गेलं की फायदाच फायदा.

रंग खरवडून नंबर वाचला, यादीत शोधला, ३०५ चाच. जाहिरातीतला फोटो परत मोठा करून बघितला तर त्यात आकड्यांच्या बाजूच्या कडेला एक टवका उडालेला होता, माझ्या ब्लॉकवर तो नाहीच. वेगळ्याच इंजिनाचा फोटो.

पैशाचं काय, होईल काहीतरी. पण वेल्डिंगचं आठवलं की अजून डोकं फिरतं, त्यात माणूस मेला असता.

मस्टँग टू किटचा क्रॉसमेंबर (फ्रेमच्या दोन बाजू जोडणारा आडवा तुकडा) फ्रेमला वेल्ड करायचा असतो आणि पुढची दोन्ही चाकं, स्टिअरिंग, ब्रेकचा झटका, सगळं त्याच्यावर येतं. ३१०० ची फ्रेम म्हणजे उघडा सी चॅनेल, त्यामुळे तिथे आधी आतून प्लेट लावून चौकोनी पेटीसारखी बंद करतात, बॉक्सिंग म्हणतात. माझ्या गाडीला खालून जाड काळं अंडरकोटिंग मारलेलं, बघायला एकदम नीटनेटकं. इंजिनचा प्रकार कळल्यावर मी खाली झोपून वायर ब्रश लावला तर अंडरकोटिंगखालून सीम सीलरची पट्टीच निघून आली, रबरासारखी, लांबच लांब. तिच्याखाली वेल्ड म्हणजे दोन-तीन इंचावर एकेक टाका, तेही वरच्यावर बसलेले मणी, धातू एकमेकांत उतरलेलाच नाही. मधल्या फटी सीलरने भरून त्यावरून बोट फिरवून वेल्डसारखा आकार दिलेला! बॉक्सिंग प्लेट एका बाजूला होती, दुसऱ्या बाजूला नाही. एका टाक्यावर छिन्नी ठेवून दोन घाव घातले, सुटला. आणि हा माणूस मला म्हणत होता की हायवेने चालवत घेऊन जा, ट्रेलरचा खर्च कशाला करतोस.

बॉडीत पुटी निघाली, पण ती जुन्या गाडीत निघतेच. कॅबचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचे रॉकर आणि पाय ठेवतो त्याच्या बाजूचे पत्रे, या तीन जागी लोहचुंबक फडक्यात गुंडाळून लावा, चिकटला नाही की समजा.

आता कागद. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, होतं, त्यावर सही होती, पण सही या माणसाची नाही, आधीच्या मालकाची, याने गाडी स्वतःच्या नावावर केलीच नव्हती. याला टायटल जंपिंग म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे. तो म्हणाला टॅक्स वाचतो, सगळे करतात. त्याच्या खाली भानगड अशी की टायटल १९५१ च्या गाडीचं आणि दाराच्या खांबावरच्या प्लेटवर नंबरात अक्षरं जीपी. या ट्रकांच्या नंबरात मालिकेची अक्षरं असतात, अर्ध्या टनाच्या ३१०० ला १९४९ साली जीपी, १९५० ला एचपी, ५१ ला जेपी. म्हणजे कॅब ४९ ची. दारांना छोट्या त्रिकोणी व्हेंट काचा होत्या, त्या ५१ पासून आल्या, म्हणून बघणाऱ्याला ५१ च वाटणार, पण दारं काय, बोल्ट काढले की बदलता येतात. प्लेटवर तोच नारिंगी रंग उडालेला होता, अर्धे आकडे वाचता येत नव्हते, थिनर लावल्यावर दिसले. सतरा आकडी नंबर १९८१ पासून सुरू झाले, त्याच्या आधीच्या गाडीचा इतिहास ऑनलाईन रिपोर्टमध्ये काढायला गेलात तर हाती काही लागत नाही, तेव्हा टायटलवरचा नंबर आणि खांबावरची प्लेट एक एक अक्षर जुळवून बघणं एवढाच मार्ग. दुकानदार नसेल आणि घरगुती विक्री असेल तरी त्याला सांगा की आपण दोघं काउंटीच्या टॅक्स ऑफिसात एकत्र जाऊ, तिथे कागद ट्रान्सफर झाला की तिथेच पैसे. खरा माणूस कुरकुरेल पण येईल.

मला आता बाँडेड टायटलच्या (हमीच्या बाँडवर मिळणाऱ्या मालकीच्या कागदाच्या) मागे लागावं लागतंय. टेक्सासमध्ये त्यासाठी गाडीच्या ठरलेल्या किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड घ्यावा लागतो आणि तो तीन वर्षं चालतो, त्या काळात खरा मालक उगवला तर त्याचा हक्क. बाँडचा हप्ता तेवढा मोठा नसतो, पण नंबरची तपासणी, कागदपत्रं, खेटे. नाकापेक्षा मोती जड झालाय.

विक्रीच्या चिठ्ठीवर त्याने "ॲज इज" (आहे तशी घेतली, नंतर तक्रार नाही) लिहून घेतलं होतं आणि फोन केला की तेच तोंडावर मारायचा. वकिलाला विचारलं तर म्हणाला, मुद्दाम खोटं सांगून माल विकला असेल तर त्या दोन शब्दांच्या मागे लपता येत नाही, फक्त खोटं सांगितलं हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि मेसेज जपून ठेवा, जाहिरात विक्रीनंतर लगेच काढून टाकतात. माझ्या नशिबाने "हो हो, ३५० च आहे, मीच बनवलंय" असा त्याचा मेसेज होता. टेक्सासच्या जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांच्या कोर्टात) २०२० च्या सप्टेंबरपासून वीस हजार डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, वकील उभा करायची सक्ती नाही, तिथे लावलाय. ब्लॉक स्टँडवर तसाच ठेवलाय, हेड उघडे, व्हर्नियर लावलेले फोटो काढून. क्रॉसमेंबर पण पूर्ण कापला नाही अजून.

नोटीस गेल्यावर त्याचा सूर बदलला. आता म्हणतोय इंजिन आणून दे, त्याच्या बदल्यात खरं ३५० देतो, केस मागे घे. मी सांगितलं, आधी व्हिडिओ पाठव, सगळं इंजिन लांबून दाखवत कास्टिंग नंबरपर्यंत जवळ येणारा, मध्ये कुठे कट नको. अजून आलेला नाही.