वजन विचारून गंडवलं: केदारनाथच्या हेलिकॉप्टरचा अनुभव

केदारनाथच्या हेलिकॉप्टरची खोटी तिकिटं विकणाऱ्यांच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. स्वस्त तिकिटाच्या मोहात पडू नका, असं त्यात ठरलेलं वाक्य असतं. आम्हाला स्वस्त कुणी काही दिलंच नव्हतं. तिकीट सरकारी दरानं दिलं आणि वर माझ्या वजनाचे, माझ्या गुडघ्यांचे वेगळे पैसे लावले. अंगानं जाड आणि चालायला अधू असलेल्या माणसाला हे लोक नेमकं कुठं पकडतात ते मला कुठंच वाचायला मिळालं नाही, म्हणून लिहितेय.

माझं वजन १०८ किलो. दोन्ही गुडघे झिजलेत, काठीशिवाय बाहेर पडत नाही. कठडा असेल तर दहा-बारा पायऱ्या थांबत थांबत चढते, त्यापुढं नाही. अशा माणसाचं प्रवासाचं नियोजन म्हणजे देवदर्शन आणि निसर्ग नंतर, आधी संडास कमोडचा आहे का आणि जेवायच्या टेबलाला प्लास्टिकची हाताची खुर्ची तर नाही ना. हे प्रश्न फोनवर विचारले की पलीकडचा माणूस एकतर हसतो, नाहीतर 'हो हो, सगळं आहे' म्हणून फोन ठेवतो. दोन्हीची सवय झालेली असते.

२०२४ च्या मे महिन्यात मी, आमचे हे आणि वन्सं असे तिघं केदारनाथला जायचं ठरवत होतो. गौरीकुंडापासून वर सोळा किलोमीटरची चढण. घोड्यावर टांग टाकायला गुडघा वाकायला हवा. डोलीत चार माणसं खांद्यावर घेऊन जातात, आणि चार गरीब माणसांच्या खांद्यावरून १०८ किलो घेऊन देवाला जायचं माझ्या मनाला पटत नव्हतं. (डोलीचा भावसुद्धा वजन बघून ठरतो, ते वेगळंच.) राहिलं हेलिकॉप्टर. गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी इथून ते उडतं, आणि २०२३ पासून त्याचं ऑनलाइन बुकिंग एकाच ठिकाणी होतं: हेलीयात्रा डॉट आयआरसीटीसी डॉट को डॉट इन. आम्ही तिथंच बसलो होतो मोबाइल घेऊन. आमच्या तारखा बघता बघता संपल्या.

मग मुलीनं 'केदारनाथ हेलिकॉप्टर बुकिंग' असं शोधलं, तर सगळ्यात वर एक पान आलं. त्यावर राज्य पर्यटनाचं चिन्ह, मंदिराचा बर्फातला फोटो, सिरसीचा दर थेट सरकारी दराइतकाच, आणि खाली व्हॉट्सॲपची हिरवी खूण. दोन मिनिटांत फोन आला. आवाज तरुण, बोलणं अदबीचं, हिंदी पहाडी वळणाची. तारीख, नावं झाली आणि मग त्यानं विचारलं, "माताजी, तीनों का वज़न बता दीजिए. शरमाइए मत, सेफ्टी के लिए पूछना पड़ता है."

मी सांगितलं. तो हसला नाही, 'अरे बापरे' म्हणाला नाही. "कोई बात नहीं, हमारे पास १३० किलो वाले भी जाते हैं, पायलट के बगल वाली सीट दे देंगे," म्हणाला. पुढं गुडघ्याचं विचारलं. पायऱ्या किती चढता येतात, कमोड लागतो का, रात्री उठायला त्रास होतो का. इतकं माझ्या जावेनंही कधी विचारलं नाही. माझ्या मते सगळी चोरी याच पाच मिनिटांत झाली. पैसे नंतर गेले ते नुसते जमाखर्चाला.

कारण त्याचा पहिला प्रश्न खराच होता. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तिथं हवा विरळ, पंख्याला उचल कमी मिळते, त्यामुळे खऱ्या हेलिकॉप्टरवालेही प्रत्येकाचं वजन करतात, सामान दोनच किलो नेऊ देतात आणि ८० किलोंच्या वरच्या माणसाकडून किलोमागे जादा पैसे घेतात. ठकानं खोटं काही रचलं नाही, खऱ्या नियमाला स्वतःचं पाकीट जोडलं. तिघांचं जाण्यायेण्याचं तिकीट १७,४०० रुपये. मग वजनाचे: वरचे २८ किलो, किलोला दीडशे, जातानाचे आणि येतानाचे मिळून ८,४००. गुडघ्याचा त्रास म्हणून 'मेडिकल डिक्लेरेशन' २,५००. गुप्तकाशीला तळमजल्याची कमोडवाली खोली, दोन रात्री, ९,०००. वरच्या हेलिपॅडपासून मंदिरापर्यंत पालखी, ६,५००. प्रत्येक रकमेचा वेगळा क्यूआर कोड, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर वेगळ्याच माणसाचं नाव. ह्यांनी विचारलं तर म्हणाला, "अकाउंटंट का है, जीएसटी का झंझट रहता है." पावती मात्र छान रंगीत. तिकिटावर माझ्या नावापुढं वजनही छापलेलं, १०८.

मुंबईहून डेहराडूनचा प्रवास आम्ही स्वतः काढला होता आणि तो सुखाचा झाला. त्याचं सांगते, कारण तिथं काय फुकट मिळतं ते कळलं की पुढची लूट नीट दिसते. विमानतळावर व्हीलचेअर हवी असेल तर विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवायचं. चालायला त्रास असलेल्या माणसाकडून तिचे पैसे घेता येत नाहीत. पोटावर पट्टा पुरत नसेल तर जोडपट्टा हवाईसुंदरीकडे असतो, तोही फुकट. दारातच हळू आवाजात मागितला तर ती दुमडून हातात देते, कुणाला कळतही नाही. फक्त पाय पसरायला बरी म्हणून आणीबाणीच्या दाराजवळची जागा घेऊ नका. आपल्यासारख्यांना तिथं बसू देत नाहीत, आयत्या वेळी उठवतात.

उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी रुद्रप्रयाग ओलांडलं आणि त्या ठकाचा फोन आला. उद्या वारा आहे, 'बॅलन्स' साठी माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवावी लागेल, तिचे ५,८००, आत्ताच्या आत्ता. नाहीतर तिघांचंही रद्द, परतावा नाही. गाडीत रेंज येत-जात होती, वन्सं देवाचं नाव घेत होत्या. ह्यांनी पाठवले. एकूण ४९,६०० झाले.

गुप्तकाशीच्या हॉटेलात आमच्या नावानं काही नव्हतं. मॅनेजर भला माणूस, त्यानं रिकामी होती ती खोली दिली. आणि इथं मला जे समजलं ते डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक जाड माणसानं ऐकावं. पहाडात इमारत रस्त्यावरून खाली उतरत जाते. रस्त्याच्या पातळीला असतो तो वरचा मजला, आणि 'ग्राउंड फ्लोअर' म्हणजे दरीच्या अंगाला दोन जिने खाली. कोणता मजला हे विचारूच नका. गाडी थांबते तिथून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, आणि त्यांना कठडा आहे का, हे विचारा, आणि त्या वाटेचा व्हिडिओ मागवा. मी ह्यांच्या खांद्यावर एक हात आणि भिंतीवर एक हात ठेवून उतरले. कमोड होता. पण न्हाणीघराचं दार तीन विती जेमतेम, आणि आत शिरल्यावर ते लावायला कमोडच्या बाजूला सरकून उभं राहावं लागे. रात्रभर दार उघडंच ठेवलं आणि वन्सं भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

सकाळी सिरसीच्या हेलिपॅडवर बरीच रांग. खिडकीवरच्या पोरानं तिकिटाचा कोड वाचायचा प्रयत्न केला, कागद उलटसुलट करून पाहिला आणि आवाज न चढवता म्हणाला, "आंटी, ये टिकट हमारा नहीं है." आमच्या मागं इंदूरचं एक कुटुंब होतं, त्यांच्या हातात तशाच रंगाचा कागद. त्यातल्या आजींच्या नावापुढंही वजन छापलेलं. आजी माझ्याहून जाड होत्या. त्यांच्याकडून 'डबल सीट' चे पैसे घेतले होते.

बाजूला वजनकाटा होता. पिशवीसकट माणसं त्यावर चढत होती, आकडा लिहून घेतला जात होता, आणि ज्यांचा ८० च्या वर जाई त्यांच्याकडून तिथंच फरक घेऊन पावती फाडली जात होती. मी त्या पोराला विचारलं, हे पैसे आधी फोनवर घेतात का? "बिना तौले कैसे ले लेंगे?" एवढंच तो म्हणाला. वजनाचा फरक काट्यावर चढल्यानंतर हेलिपॅडवर भरायचा असतो. फोनवर वजन विचारून जो आगाऊ पैसे मागतो तो चोर आहे, बाकी काही तपासायची गरज नाही. खऱ्या तिकिटाला चारधाम यात्रेच्या नोंदणीचा क्रमांक लागतो, हीही खूण लक्षात ठेवा. आमची नोंदणी आम्हीच केली होती, तेव्हा ती फुकट होती. ठकानं तो क्रमांक मागितलाच नाही, आधारचे फोटो मात्र तिघांचे घेतले.

१९३० ला फोन तिथूनच लावला. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर. त्यांना भावना नको असतात, आकडे हवे असतात: कोणत्या खात्यातून, किती वाजता, किती रक्कम, व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. ते यूपीआयच्या ॲपमध्ये प्रत्येक व्यवहाराखाली असतात. आधी कागदावर उतरवून मगच फोन करा, कारण रेंज कधी जाईल सांगता येत नाही. तक्रारीचा क्रमांक मेसेजवर आला. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर चॅटचे फोटो, पावत्या, खोटं तिकीट असं सगळं चढवलं. वेगानं केलेल्या तक्रारीचा उपयोग इतकाच झाला की आदल्या संध्याकाळचे ५,८०० समोरच्या खात्यात अजून पडून होते, ते गोठले. आधीचे हप्ते आठवडे उलटून गेलेले, ते पाच खात्यांतून पुढं निघून गेले होते. गोठलेले पैसे परत मिळायलाही तेव्हा अर्ज, पोलीस ठाणं, न्यायालय अशी वाट होती, आम्ही ती धरली.

घरी आल्यावर ओळखीचे काय म्हणाले ते लिहीत नाही. एक मात्र लिहिते. 'एवढ्या वजनाचं कशाला जायचं तिकडं' असं म्हणणारे आणि ठक यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की मला हक्कानं काही मागता येणार नाही. म्हणूनच त्याचं चाललं. मी आकडे चार ठिकाणी विचारले असते तर चार ठिकाणी माझं वजन सांगावं लागलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मुलगी म्हणाली, आई, शेजारच्या काकांना विचारूया का, ते जाऊन आलेत. मीच नको म्हटलं. 'ये बात हमारे बीच रहेगी, माताजी' असं तो दोनदा म्हणाला होता. तेव्हा ते सौजन्य वाटलं होतं.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे केंद्रानं अशाच बनावट पानांबद्दल इशारा दिला. केदारनाथचं हेलिकॉप्टर, सोमनाथची धर्मशाळा, हॉटेलं, टॅक्सी, सगळं त्यात आहे. त्याच्या आदल्याच महिन्यात, मार्चमध्ये, सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रोपवेलाही मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तो होईल तेव्हा होईल. मला भीती एवढीच की 'रोपवे प्री-बुकिंग' ची पानं त्याच्या खांबांच्या आधी उभी राहतील.

केदार काही झाला नाही. सिरसीहून परत फिरलो आणि मंदाकिनी ओलांडून ऊखीमठला गेलो, हिवाळ्यात केदारनाथाची पूजा होते त्या ओंकारेश्वराच्या देवळात. तिथं निवांत बसायला मिळालं. मग चोपत्यावरून बद्रीनाथ. तिथं गाडी वरपर्यंत जाते. गाडीतळापासून पुढचा रस्ता मी काठीनं, चार ठिकाणी बसत पार केला. मुक्कामाला मालकिणीकडून रस्ता ते खोली असा व्हिडिओ मागवला होता. तिनं वाटेतल्या तीन पायऱ्याही मोजून दाखवल्या आणि न्हाणीघराच्या दारावर टेप लावून रुंदी वाचली. त्या बाईनं आगाऊ पाचशे रुपये घेतले, तेही नको नको म्हणत.

आधार तिघांचंही आम्ही बायोमेट्रिक लॉक केलंय. तुमचे फोटो गेले असतील तर तेही करून टाका, आधारच्या ॲपवर होतं.

गेल्या महिन्यात एका नव्या नंबरवरून मेसेज आला, फोटो तोच बर्फातल्या मंदिराचा: वैष्णोदेवीचं हेलिकॉप्टर, 'हेवी वेट पैसेंजर स्पेशल'. वैष्णोदेवीचं बुकिंग श्राइन बोर्डाच्या संकेतस्थळावर होतं, व्हॉट्सॲपवर नाही. मी त्याला वजन ३०० किलो सांगितलं. "कोई बात नहीं, माताजी," असं उत्तर आलं. नंबर दूरसंचार खात्याच्या संचार साथी संकेतस्थळावर, संशयास्पद फोन-मेसेज कळवायच्या 'चक्षु' वर नोंदवला आहे.