गेटवरचा फोकस काढला त्याला दहा महिने झाले

जुळे सोलापुरातल्या आमच्या रो-हाऊसचं लायटिंग गेल्या दसऱ्याला बदललं. आधी गेटवर ५० वॅटचा पांढरा फोकस होता. तो थेट येणाऱ्याच्या डोळ्यांत जायचा, नावाची पाटी काही दिसायची नाही. पाहुणे कपाळावर हात धरून "हेच का हो घर?" विचारायचे.

आता पाटीच्या वर ५ वॅटचा, तोंड खाली केलेला दिवा आहे आणि पायऱ्यांच्या कडेला, घोट्याएवढ्या उंचीवर, ३-३ वॅटचे तीन. सगळे ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर. रोज चार तास धरले तर महिन्याला ६ युनिट जायचे, तिथे आता पावणेदोनही जात नाहीत. अर्थात कूलरच्या बिलापुढे ही बचत कुठे दिसतेय! पण जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा बघून पाहुणे रात्री अकराला आले, तेव्हा रिक्षावाल्याने फोन न करता बरोबर दारात आणून सोडलं. पावसाळ्यात पाखरंही पांढऱ्या फोकसवर यायची त्याच्या मानाने कमी.

एक गोष्ट मात्र ठरवून केलेली नव्हती. आई तिन्हीसांजेला तुळशीपुढे पणती लावते. फोकसच्या उजेडात ती पेटलीय की विझलीय तेही कळायचं नाही. आता वृंदावनाच्या कोनाड्यात पणतीचा थरथरता उजेड पडतो, रस्त्यावरून दिसतो.

याच आईने हॉलमध्ये पिवळे दिवे लागले त्या दिवशी विचारलं, "लाईट गेलीय का?" तिचं बरोबर होतं. पिवळ्या उजेडात तिला तांदळातले खडे दिसत नव्हते. म्हणून जुनी ट्यूब ठेवली, फक्त बटण वेगळं केलं. किचन ओट्यावर कपाटाखाली ४००० केल्विनची, म्हणजे जरा पांढरी, पट्टी लावली. पांढरा की पिवळा हा वाद माझ्या मते फुकटचा आहे, बटणं वेगळी हवीत. आणि खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० लिहिलेलं बघून घ्या. आधीच्या स्वस्त बल्बखाली दिवाणावरची मरून चादर मातकट दिसायची.

आता तक्रारी. पोर्चमधला मोशन सेन्सर मे महिन्यात रुसला. तो माणूस ओळखत नाही, अंगाची आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक ओळखतो. आमची पश्चिमेची भिंत संध्याकाळी सातलाही अंगाइतकीच तापलेली, त्याला फरक कळणार कसा? ऊन न लागणाऱ्या भिंतीकडे वळवल्यावर बराच सुधारला. एप्रिलमध्ये फॉल्स सीलिंगच्या पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारी डबी, आतल्या उकाड्याने गेला. नवा बाहेर, हाताशी बसवलाय. जिन्यातला दिवा बंद केल्यावरही मिणमिणायचा. इंडिकेटरवाल्या बटणातून बारीक करंट झिरपत होता, साधं बटण टाकलं आणि थांबला. कंपाउंडवरच्या सोलर दिव्यांबद्दल बोलायलाच नको. पॅनेलवर आठवड्यात धुळीचा थर!

सगळ्यात मोठी चूक वायरमनची, आणि ती न तपासणारा मी. पायरीचे दिवे आयपी ६५ चे, धूळ-पाण्याला न डगमगणारे. पण जोड नुसत्या टेपने गुंडाळलेला. नळाला पाणी आलं त्या पहाटे पायऱ्या धुतल्या आणि घराची सगळी लाईट ट्रिप. आता जोड बंद डबीत आहे.

गाडीच्या बाजूला अजून एक दिवा हवाय, तिथे आई अडखळते. वायर ओढून ठेवलीय, यावेळी डबीसकट.