फियाट डिलाइटला एलईडी दिवे : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

डाव्या हेडलाइटमधील एलईडी बल्बला थंड ठेवणारा पंखा ऐन भाद्रपदात बंद पडला आणि विक्रेत्याने वॉरंटी नाकारली, म्हणून हे लिहायला घेतले. एरवी हिवाळ्यात बसवलेल्या बल्बांविषयी इतक्या विस्ताराने लिहावे असे मला वाटले नसते. गाडी १९७० ची फियाट ११०० डिलाइट आहे, १२ व्होल्टची, मूळचा डायनॅमो (इंजिनावर चालणारे जुन्या पद्धतीचे जनित्र) आणि कटआउट (डायनॅमो बॅटरीशी जोडणारा-तोडणारा स्विच) अजून शाबूत असलेली. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली खासगी गाडी ‘विंटेज’ ठरते, मात्र चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. बल्ब त्या अटीत थेट येत नसले, तरी होल्डर कापायचे नाहीत आणि मूळ बल्ब केव्हाही परत बसवता आले पाहिजेत, हे मी आधीच ठरवले होते.

एलईडीचा विचार हौसेपोटी नव्हे, डायनॅमोमुळे आला. रात्री सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून, इंडिकेटर लावून उभे राहिले की ५५ वॅटचे दोन डिपर (हेडलाइटचा खालचा झोत), ५ वॅटचे चार साइड व टेल दिवे, २१ वॅटचे दोन ब्रेकलाइट आणि एका बाजूचे २१ वॅटचे दोन इंडिकेटर मिळून २१४ वॅट होतात, म्हणजे जवळपास १८ अँपिअर. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालत असताना, डायनॅमो नाममात्रच वीज देतो, त्यामुळे हा सगळा भार बॅटरीवर पडतो. पुण्यात संध्याकाळी स्वारगेटहून कात्रजपर्यंत जाताना दिवे पिवळे पडत जातात, हे जुनी गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको.

मागच्या दिव्यांबद्दल प्रथम सांगतो, कारण तेथे तक्रारीला जागा नाही. नाना पेठेत मिळालेले डबल कॉन्टॅक्टचे (टेल आणि ब्रेक दोन्ही एकाच बल्बात असलेले) लाल एलईडी बल्ब ३५० रुपयांना जोडी या भावाने घेतले. लाल काचेमागे लालच एलईडी लावावा. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळा आणि पिवळा भाग जास्त व गडद लाल कमी असतो, त्यामुळे लाल काचेतून तो फिका, गुलाबीसर दिसतो. इंडिकेटरच्या नारिंगी काचेलाही हेच लागू आहे. बल्ब घेताना त्याच्या केवळ टोकाला नव्हे, बाजूंनाही एलईडी आहेत ना हे पाहावे, कारण जुन्या दिव्याचा मागचा चकचकीत पत्रा बाजूच्या प्रकाशानेच उजळतो. टेल आणि ब्रेक यांच्या प्रखरतेत फरक ठळक आहे का, हे तर दुकानातच बॅटरीवर लावून तपासावे. स्वस्त बल्बांत तो इतका थोडा असतो की ब्रेक दाबल्याचे मागच्याला कळतच नाही. फिलामेंटला पूर्ण पेटायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, एलईडी तत्क्षणी पेटतो, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने मागची गाडी तेवढ्या वेळात ३ मीटरहून अधिक अंतर कापते. खंबाटकी घाटाच्या उतारावर पाठीशी मालट्रक असताना हे ३ मीटर मला मोलाचे वाटतात.

आता इंडिकेटर, ज्यांनी माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला. जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) आतल्या पट्टीच्या गरम होण्यावर चालतो, आणि ती गरम व्हायला ४२ वॅटचा भार लागतो. एलईडी लावल्यावर दिवे लुकलुकण्याऐवजी नुसते पेटून राहिले. यावर दुकानदार भार वाढवायला हटकून ६ ओहमचा, ५० वॅटचा रेझिस्टर सुचवतात. तो लावला की फ्लॅशर चालतो खरा, पण प्रत्येक रेझिस्टर पेटलेल्या बल्बाएवढीच वीज खातो आणि तापतो. वीज वाचवण्यासाठी एलईडी घ्यायचे आणि शेजारी ही शेगडी बसवायची, यातला हिशेब मला आजतागायत समजलेला नाही. २८० रुपयांचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हाच खरा उपाय. त्याला अर्थची (गाडीच्या बॉडीला जोडायची) एक स्वतंत्र वायर द्यावी लागते, एवढेच.

तरीही प्रश्न सुटला नाही. डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे लुकलुकू लागले, उजवा दिला तरी तेच. नाना पेठेतल्या एका इलेक्ट्रिशियनने फ्लॅशर खराब असल्याचे सांगून तो बदलला, दुसऱ्याने इंडिकेटरच्या दांडीचा स्विच उघडून पुन्हा बसवला, आणि दोघांनीही मजुरी घेतली. दोष डॅशबोर्डवरच्या लहानशा हिरव्या दिव्यात होता. माझ्या गाडीत दोन्ही बाजूंसाठी मिळून तो एकच आहे आणि डाव्या व उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला आहे. त्याला स्वतःची अर्थ नाही. डावी बाजू पेटते तेव्हा त्याचा प्रवाह उजव्या बाजूच्या थंड फिलामेंटांतून बॉडीला पोहोचतो, आणि त्या क्षीण प्रवाहाने २१ वॅटचे बल्ब पेटत नाहीत. एलईडीला मात्र तेवढा प्रवाह पुरतो, म्हणून विरुद्ध बाजूही पेटते. उपाय बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो: १एन४००७ या नावाचे दोन डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे सुटे भाग), दोन्ही मिळून दहा रुपयांच्या आत. डाव्या वायरीवरून एक आणि उजव्या वायरीवरून एक असे आणून ते हिरव्या दिव्याच्या एका टोकाला जोडायचे, आणि दुसरे टोक बॉडीला अर्थ करायचे. डायोडवरचा पांढरा पट्टा दिव्याच्या बाजूला हवा. दोन इलेक्ट्रिशियनांची मजुरी मिळून त्या डायोडांच्या शंभरपट झाली, हे मी खर्चाच्या वहीत वेगळ्या शाईने लिहून ठेवले आहे.

या हिरव्या दिव्याविषयी मी अवाजवी बोलतो असे घरचे म्हणतात. तथापि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरचा टिकटिक आवाज जुन्याच्या निम्माही नसतो, इंजिनाच्या आवाजात तो ऐकूच येत नाही, आणि वळण सौम्य असले की दांडी परत येत नाही. अशा वेळी इंडिकेटर चालू राहिल्याची खूण तेवढा दिवाच देतो. म्हणून त्याच्या जागी एलईडी न लावता मूळचा बल्बच ठेवला आहे.

हेडलाइटची गोष्ट निराळी आहे. आधीच्या मालकाने एच४ या दोन फिलामेंटांच्या हॅलोजन बल्बाचे डोम (काच आणि आरशाचे संच) बसवलेले असल्याने २,४०० रुपयांची एलईडी जोडी सहज बसली, आणि पहिले काही आठवडे मी खूश होतो: प्रकाश पांढराशुभ्र, डायनॅमोवरचा भार निम्म्याच्या आत. पुठ्ठ्यावर छापलेले ल्युमेनचे (प्रकाशाच्या मापाचे) आकडे तर अचाट होते. एच४ हॅलोजनचा डिपर प्रमाणानुसार अवघ्या १,००० ल्युमेनचा असतो. परंतु डोमचा आरसा एका बारीक, गोल फिलामेंटाच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीत त्याऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप असतात, आणि मधल्या पट्टीची जाडी प्रकाशाची कड विस्कटून टाकते. भिंतीसमोर गाडी उभी केली की डिपरची स्वच्छ रेषा दिसत नाही, वर धूसर उजेड पसरतो, आणि तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सातारा रस्त्यावर समोरून येणारे अप्पर मारू लागले, त्यांना दोष देता येत नाही. पावसात तर बोनेटपुढचे चार हात लख्ख आणि त्यापलीकडचा ओला रस्ता काळाकुट्ट अशी स्थिती होती. त्यात डोमच्या मागची रबरी टोपी बल्बच्या पंख्यावरून नीट बसत नसल्याने डोममध्ये ओल शिरली, आणि शेवटी पंखा थांबला. आणखी एक त्रास: हेडलाइट लावताच रेडिओवर मीडियम वेव्हला, ७९२ किलोहर्ट्झवरच्या पुणे आकाशवाणीवर, गुणगुण सुरू होत असे, ती एलईडीच्या ड्रायव्हरची (त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटची) होती, कारण दिवे बंद केले की थांबे.

विक्रेत्याचे म्हणणे असे की डायनॅमोच्या गाडीत व्होल्टेज स्थिर नसते, म्हणून वॉरंटी लागू होत नाही. पुठ्ठ्यावर ९ ते ३२ व्होल्ट असे छापलेले आहे, आणि ते मी त्यांना वाचून दाखवले. तेव्हा पंखा ओलीने गेल्याचे कारण पुढे आले. त्याच पुठ्ठ्यावर जलरोधक असल्याचेही छापलेले आहे. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर निम्म्या किमतीचा दुसरा माल घेण्याची मुभा मिळाली, आणि मी त्यात नंबरप्लेटचे व मीटरचे बल्ब घेतले. ते ठीक आहेत; मीटरचे मात्र पिवळसर छटेचे घ्यावेत, पांढरे रात्री डोळ्यांना टोचतात.

हेडलाइटला हॅलोजन परत लावण्यापूर्वी मल्टिमीटर लावून पाहिला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, होल्डरवर ११.३. पन्नास वर्षांपूर्वीच्या वायरींतून आणि स्विचमधून १० टक्के व्होल्टेज वाटेतच जात होते, आणि व्होल्टेज १० टक्के घटले की हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, फ्यूज आणि दोन रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) असा तयार संच ६५० रुपयांना मिळाला. तो मूळच्या जोडणीतच खोचला जातो, काही कापावे लागत नाही, आणि जुन्या स्विचवर आता फक्त रिलेच्या कॉइलचा क्षुल्लक भार उरतो. डिपरची कड पुन्हा रेखीव झाली, मैलाचे दगड दुरून वाचता येऊ लागले, आणि रेडिओही शांत झाला. डायनॅमोवरचे ११० वॅट परत आले खरे, पण ब्रेक, साइड, टेल आणि इंडिकेटर मिळून १०४ वॅटचा भार एलईडीमुळे सुमारे १५ वॅटवर आल्याने कात्रजपर्यंत दिवे पिवळे पडत नाहीत. म्हणजे एलईडी हेडलाइटसाठी मोजलेल्या किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास जे काम झाले, तेच मला आरंभापासून हवे होते.

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मी बदललेला नाही. तेथे एलईडी लावून पाहिला तेव्हा कटआउटच्या दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजमधील किंचित फरकानेही तो मंद पेटून राहू लागला, आणि चार्जिंग होते आहे की नाही हे कळेनासे झाले. ज्यांनी डायनॅमो काढून अल्टरनेटर (नव्या पद्धतीचे जनित्र) बसवला आहे त्यांनी तर या दिव्याला हात लावूच नये: पुष्कळ अल्टरनेटरांना सुरुवातीचा प्रवाह याच बल्बमधून मिळतो, आणि एलईडीतून तो पुरेसा जात नसल्याने इंजिनाचा वेग बराच वाढवल्याखेरीज चार्जिंग सुरू होत नाही.